घंगाळाचा रकाना

गेल्या दिवाळीआधी आम्ही माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढली. तिघा भावंडांत वाटायची होती. धाकट्या भावाचं बिऱ्हाड परदेशात, म्हणून यादी संगणकावर करायची ठरली. नाव, धातू, वजन, कोणी दिलं. यादी पोचली आणि भाचीचा फोन आला, "आत्या, घंगाळ म्हणजे काय गं?"

आता काय सांगणार? आंघोळीच्या पाण्याचं भांडं म्हटलं, तर तिच्या डोळ्यांपुढे प्लास्टिकची बादलीच येणार. फोटो हवा.

मोठ्या हौसेनं मी स्प्रेडशीटमध्ये फोटो टाकले आणि मग वजनाप्रमाणे ओळी लावल्या. नावं खालीवर झाली, फोटो जागचे हलले नाहीत. पळीच्या नावापुढे घंगाळ, घंगाळापुढे ताम्हन! चूक माझीच. फोटो मी रकान्यावर ठेवले होते, रकान्यात नव्हे.

मग मुलानं नोशन नावाचं ॲप दाखवलं. तिथं दोन तऱ्हेची टेबलं असतात, हे कळायला मला आठवडा लागला. साध्या टेबलाच्या घरात अक्षरं मावतात, फोटो नाही. डेटाबेस दिसायला तसाच, पण त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक अख्खं पान. साध्या टेबलाचा डेटाबेस करताही येतो. मग 'फाइल्स अँड मीडिया' या जातीचा रकाना जोडायचा आणि त्यात फोटो चढवायचा. फुकटच्या खात्यात एक फाइल 5 एमबीपर्यंत. आता ओळ कुठंही न्या, फोटो तिचं बोट सोडत नाही. रकान्यात तो नखाएवढाच दिसतो. मोठा बघायचा तर त्याच नोंदी 'गॅलरी'त उघडायच्या, कार्डावर हाच रकाना दाखव म्हणून सांगायचं आणि 'फिट इमेज' चालू करायचं. नाहीतर समईवरचा मोर कापला जातो.

पण खरी मजा पुढेच. भांड्यावर नाव घालायची आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. कोणी दिलं, कोणाला, कधी. एका रकान्यात अनेक फोटो मावतात, म्हणून भांड्याशेजारी त्यावरच्या अक्षरांचाही फोटो घेतला. फ्लॅश पडला की पितळेवरची अक्षरं पुसटतात. खिडकीशी, तिरप्या उजेडात, वर चिमूटभर तांदळाचं पीठ चोळून घेतला, तर ठिपका न् ठिपका उठतो. अशी अक्षरं लावता लावता लक्षात आलं, 'कोणी दिलं' या रकान्यात मी चार ठिकाणी चक्क चुकीचं लिहिलं होतं. जो गडू आम्ही जन्मभर आईच्या माहेरचा म्हणत आलो, त्यावर शेजारच्या काकूंचं नाव निघालं. साल 1958.

वाटणी अजून व्हायचीच आहे. भाचीनं मात्र परवा कळवलं, घंगाळ तिलाच हवंय. वजनाच्या रकान्यात 6.5 किलो लिहिलेलं आहे. विमानवाल्यांशी काय ते तिनं बोलावं.