भुकेची ओळख

संकट आलं की माणूस आधी 'का?' असं विचारतो. आपल्याकडे त्याला भोग म्हणतात, प्रारब्ध म्हणतात. आम्हा ख्रिस्ती घरांत शब्द वेगळा असतो. आम्ही 'देवाची योजना' म्हणतो. हा मोठा शब्द आहे आणि तो जपून वापरावा, असं मला शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तीस वर्षं मास्तरकी केल्यावर वाटू लागलं आहे.

शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ साली बांधून झालं. पुढे वैतरणेवर मोडकसागर झालं, मग भातसा. मुंबई जे पाणी पिते, त्यातला फार मोठा हिस्सा या एका तालुक्यातून जातो. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे उजाडला की बायका टँकरची वाट बघत बसतात. टँकर आला नाही तर डोक्यावर दोन हंडे नि कडेवर मूल घेऊन ओहोळातल्या डवऱ्याकडे निघतात. वाटीवाटीनं पाणी भरायचं. अशा बाईला जाऊन 'यात देवाचा काहीतरी हेतू असेल' असं मी सांगणार नाही. जलवाहिन्या माणसांनी टाकल्या. त्या कुठून जातील आणि कोणाला टाळून जातील, हेही माणसांनीच ठरवलं. आपल्या कागदावर देवाची सही घेऊ नये.

पण सगळीच दुःखं अशी नसतात. काहींना दोष द्यायला समोर कोणीच नसतं.

माझे पती गेले ते आवणीच्या दिवसांत. पाऊस कोसळत होता. कल्याणहून आमच्या मंडळीतली माणसं एसटीनं आली, प्रार्थना झाली. एकानं सांगितलं, देवाला चांगली फुलं हवी असतात. दुसऱ्यानं सांगितलं, देव आवडत्यांचीच परीक्षा बघतो. सगळे प्रेमानंच बोलत होते. शेजारची ठाकरीण मात्र काहीच बोलली नाही. तिनं स्वतःच्या शेतातली आवणी अर्धवट टाकली, आमची चूल पेटवली, पेज केली आणि तीन रात्री माझ्याजवळ झोपायला आली. ईयोबाची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. त्याची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र भेटायला आले ते सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून कारणं सांगायला सुरुवात केल्यावर, आणि शेवटी देव रागावला तोही त्या कारणं सांगणाऱ्यांवरच.

त्या पावसाळ्यात मी पंडिता रमाबाईंची 'माझी साक्ष' पुन्हा वाचली. रमाबाईंचं नाव आपण शाळेत ऐकतो: संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षण, शारदा सदन. त्यांच्या वाट्याला आलेले मृत्यू मात्र फारसे मोजले जात नाहीत. दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबानं झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. रमा आणि तिचा भाऊ देशभर पायी हिंडले. १८८० साली बंगालात तो भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंचं लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं पती गेले. तेव्हा रमाबाईंचं वय तेवीस आणि पदरात लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इथे केवढं वादळ उठलं, ते सर्वांना ठाऊकच आहे.

मला थांबावंसं वाटतं ते १८९६-९७ पाशी. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाई पुण्यात होत्या, शारदा सदन चालू होतं. हात भरलेले होते. तरी त्या उठून तिकडे गेल्या आणि अन्नाला महाग झालेल्या, फसवल्या जाण्याच्या वाटेवर असलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. दुष्काळाच्या बातम्या तर सर्वांनीच वाचल्या होत्या. पण उपाशी पोरीच्या डोळ्यांत काय असतं, हे रमाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. ती भूक त्यांच्या ओळखीची होती.

मग देवानं रमाबाईंना घडवण्यासाठी त्यांच्या आईला उपाशी मारलं का? असं म्हणणारा देव मला नको, आणि येशूनं दाखवलेला देव तसा नाहीही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची कथा आहे. शिष्य विचारतात, पाप कोणाचं? याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही. याच्या ठायी देवाचं काम दिसावं म्हणून. आणि एवढं बोलून तो मातीचा चिखल कालवायला घेतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो, त्याला तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्य मागे बघत होते. येशूनं हात पुढे कामाला घातले. 'योजना' हा शब्द मला इथे समजतो. ती दुःखाच्या मागे लपलेली नसते. दुःखानंतर आपल्या हातून जे घडतं, त्यात देव ती आखत जातो.

आमच्या भागात दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडीकडे, कल्याणकडे. मुलंही जातात. वर्ग निम्मा रिकामा होतो आणि जूनमध्ये परत आलेलं पोर अक्षरं विसरलेलं असतं. हे मी वर्षानुवर्षं बघत होते, हजेरीपटावर लिहीत होते. पती गेल्यावर रिकामं घर म्हणजे काय, ते मला कळलं आणि रिकामे बाकही वेगळे दिसू लागले. त्या दिवाळीला मी दोन मुलींच्या आयांना म्हटलं, पोरींना माझ्याकडे ठेवून जा. एक आई लगेच हो म्हणाली. दुसरीनं विचार करायला आठ दिवस घेतले. परक्या घरात, त्यातून परक्या धर्माच्या घरात मुलगी ठेवायची, तर ते रास्तच होतं. मी तिला सांगितलं, रविवारी मी कल्याणला उपासनेला जाते, तेव्हा मुली ठाकरणीकडे राहतील. मग तीही तयार झाली.

रमाबाईंची मनोरमा १९२१ साली, आईच्या आधी गेली. आईच्या कामाची वारस ती. त्याचं कारण रमाबाईंना कोणी सांगितलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून त्यांनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा चालू होतं. पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत त्या त्यातच होत्या.

माझ्याकडच्या त्या दोघींतली एक पुढे परिचारिका झाली. दुसरी सातवीनंतर थांबली, लग्न झालं. ती अजून दिवाळीनंतर भट्टीवर जाते. जाताना मुलाला माझ्याकडे सोडते. तो सध्या बाराखडीत अडकला आहे.