वाघामागचं रान



या संमेलनाचा स्वागताध्यक्ष म्हणून धनजमध्ये आपल्या सर्वांचं स्वागत करतो. कापूस वेचणीचे दिवस आहेत. या दिवसांत आमच्याकडे माणूस मिळत नाही, गाडी मिळत नाही, उसंत तर मुळीच मिळत नाही. तरी या गावानं तीन दिवस पाहुण्यांसाठी काढले. आज संध्याकाळी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला दुपारपासून मंडळी बसली आहेत. तिथं जरूर जाऊन या, कॅमेरा घेऊनच जा.

राष्ट्रीय उद्यानांतल्या निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणावरचं संमेलन धनजला का, हा प्रश्न मला गेल्या सहा महिन्यांत अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. ताडोबा, गुगामल, नवेगाव, पेंच, बोरिवलीचं संजय गांधी आणि सह्याद्रीतलं चांदोली, अशी सहा राष्ट्रीय उद्यानं महाराष्ट्रात आहेत. त्यांतली चार आपल्या विदर्भात आहेत, पण आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला एकही आलं नाही. मग आमच्याकडे आहे काय? आम्ही मधे आहोत. उत्तरेला मेळघाट, आग्नेयेला यवतमाळचं टिपेश्वर, पश्चिमेला बुलढाण्याचं ज्ञानगंगा, आणि या सगळ्यांच्या मधे आमचे माळ, नाले, तुरीची वावरं आणि ई-क्लासची गायरानं.

ही मधली जागा किती मोलाची आहे, ते एका वाघानं २०१९ साली दाखवून दिलं. टिपेश्वरात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा तरुण वाघ जून महिन्यात घर सोडून निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणाचे जिल्हे पालथे घालत शेवटी तो ज्ञानगंगेत जाऊन थांबला. कॉलरच्या नोंदींवरून त्याची पायपीट ३,००० किलोमीटरच्या आसपास भरली. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं, देशभर त्याच्या बातम्या झाल्या. तो चालला तो नाल्यांच्या काठानं, पिकांतून, झुडपी बरडावरून, बहुतेक रात्रीच. मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट खटकते. वाघाचे फोटो सर्वांकडे आहेत. तो ज्या नाल्यात दिवसभर पडून राहिला असेल, त्या नाल्याचा फोटो कोणाकडे आहे?

मित्रहो, मला या व्यासपीठावरून एवढंच मागायचं आहे. वाघामागचं रान टिपा.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी जे घडलं ते आपण सर्वांनी पाहिलं. पाच बछड्यांना घेऊन निघालेल्या वाघिणीची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या चित्रफितीत मला वाघिणीपेक्षा माणसांचे उचललेले हात जास्त दिसले. प्रत्येक हातात कॅमेरा किंवा मोबाईल होता. ती माणसं आपल्यातलीच होती, हे मान्य करूनच आपल्याला पुढे जावं लागेल. जनावराच्या मागे धावणाऱ्या छायाचित्रणाला घाई असते आणि घाईतून गर्दी होते. डोंगर, नदी, गवत यांचा फोटो काढणाऱ्याला कोणाची वाट अडवावी लागत नाही.

आता कोणी म्हणेल, निसर्गदृश्य काढून उपयोग काय? ते भिंतीवर शोभेल, दिनदर्शिकेवर छापलं जाईल, आणखी काय? याचं उत्तर इतिहासात आहे. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, अमेरिकेतलं यलोस्टोन, १८७२ च्या मार्चमध्ये जाहीर झालं. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार सरकारी पाहणी पथकाबरोबर तिथं गेला होता. उकळत्या झऱ्यांच्या गोष्टींवर ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्या लोकप्रतिनिधींसमोर त्याची छायाचित्रं आणि थॉमस मोरान या चित्रकाराची चित्रं ठेवली गेली. त्याही आधी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्सनं खेचरांच्या पाठीवर फोटो घेण्याच्या अवजड काचा लादून योसेमिटीचं खोरं टिपलं. तीन वर्षांनी, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननं ते खोरं राखण्याच्या कायद्यावर सही केली. त्यानं स्वतः ते खोरं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच योसेमिटीत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स १९१६ साली पहिल्यांदा गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर तो तिथंच परत परत जात राहिला. १९२७ च्या एप्रिलमध्ये हाफ डोमच्या कड्यासमोर उभा असताना त्याच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्यानं पिवळा फिल्टर लावून वापरली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की कडा पाहताना मनात जे दाटून आलं, ते यात उतरणार नाही. दुसऱ्या काचेला त्यानं गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आला. आज आपल्या कॅमेऱ्यात एका सकाळी हजार फोटो मावतात. त्या दोन काचांची आठवण म्हणून तरी बटण दाबण्याआधी क्षणभर थांबायला हरकत नाही.

आपल्याकडच्या उद्यानांत निसर्गदृश्य टिपणं सोपं नाही, हे मी जाणतो. जिप्सीतून उतरता येत नाही, म्हणून ट्रायपॉड घरीच राहतो. सकाळची फेरी ठरलेल्या वेळेला फाटकाबाहेर यावी लागते. ड्रोन तर परवानगीशिवाय चालतच नाही, आणि तो नियम योग्यच आहे. पण तुरीच्या डाळीनं अर्धी भरलेली कापडी पिशवी जिप्सीच्या दांड्यावर टाका, चालकाला इंजिन बंद करायला सांगा, श्वास रोखा. ट्रायपॉडचं निम्मं काम तेवढ्यात होतं. आणि हंगाम बदला. सगळी गर्दी एप्रिल-मेमध्ये जाते, कारण पाणवठ्यावर वाघ दिसतो. त्या दिवसांत साग निष्पर्ण, आकाश पांढरट, हवेत धूळ. मेळघाट पाहायचा तर पावसाळ्यानंतर दारं उघडतात तेव्हा, ऑक्टोबरात जा. सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या तापीला मिळणाऱ्या नद्या वाहत्या असतात, सागाची पानं अजून झाडावर असतात आणि सकाळी दऱ्यांतून ढग उठतात. त्या वेळी वाघ दिसायची शक्यता कमी. म्हणूनच रान नीट दिसतं.

आता आमच्या माळाबद्दल. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्यापैकी अनेक जण समृद्धी महामार्गानं आलात. पूर्वी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही छोटी गाडी होती. ती इतकी सावकाश जायची की खिडकीतून एकेक झाड ओळखता यायचं. समृद्धीवर तसं होत नाही. हा रस्ता कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यातून जातो. जनावरांना ओलांडता यावं म्हणून त्यावर मार्ग बांधले आहेत, ते चांगलंच झालं. पण शंभराच्या वर वेगानं जाणाऱ्या गाडीतून त्या माळाकडे किती जणांनी पाहिलं? २००० साली घोषित झालेलं हे अभयारण्य १८ चौरस किलोमीटरांहून थोडंसंच मोठं आहे. गुजरातेत भावनगरजवळचं वेळावदर हे काळविटांचं राष्ट्रीय उद्यानही ३४ चौरस किलोमीटरांच्या आसपासच आहे, पण तिथल्या गवताचे फोटो जगभर गेले. महाराष्ट्राच्या सहाही राष्ट्रीय उद्यानांची ओळख जंगलाची आहे. गवताळ माळाला तो मान अजून मिळालेला नाही. सरकारी नकाशात माळ म्हणजे बहुधा पडीक जमीन. आणि पडीक म्हटलं की ती कुणालाही, कशालाही देता येते.

हे माळ कसे असतात? श्रावण-भादव्यात इथं तणमोर येतो. गवत डोक्यावर जातं, म्हणून मादीला दिसावं यासाठी नर गवतातून सरळ वर उसळतो आणि परत खाली पडतो, दिवसातून शेकडो वेळा. अकोला-वाशीमच्या माळांवर हा पक्षी टिकावा म्हणून फासेपारधी समाजातली माणसं राबत आली आहेत. एके काळी फासे लावून पोट भरणाऱ्या या समाजाला गवताची जेवढी ओळख आहे, तेवढी आपल्यात कोणाला नाही. कारंज्याची ‘संवेदना’ संस्था त्यांच्याबरोबर काम करते. या माळांवरची गवतं म्हणजे कुसळी, मारवेल, पवन्या, आणि चुरगाळली की हाताला वास राहणारी तिखाडी. तुमच्या फोटोखाली ‘गवत’ एवढंच लिहू नका, त्याचं नाव लिहा. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून असे शब्द आयुष्यभर वेचले आणि मराठीला दिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. तो शब्दसंग्रह पुढे नेणं कॅमेरा हाती असलेल्यांचंही काम आहे.

बाहेरच्या मंडपात एका फळीवर माझे वीस फोटो लावले आहेत. कलाकृती म्हणून ते पाहू नका. गावाबाहेर ई-क्लासच्या कडेला एक काळा दगड आहे. त्यावर उभं राहून २००४ पासून दर वर्षी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मी उत्तरेकडे तोंड करून एकच फोटो काढत आलो. पहिले काही फोटो रिळाच्या कॅमेऱ्यावरचे आहेत. लग्नाच्या फोटोंचं काम संपलं की रिळात उरलेली एखादी फ्रेम मी यासाठी राखायचो. दोन वर्षं चुकली, म्हणून वीस. पहिल्या फोटोत गवत गुराख्याच्या मांडीपर्यंत आहे आणि मागे रोह्यांचा कळप आहे. सहाव्या फोटोत मुरमाचा पहिला खड्डा दिसतो, जेवणाच्या ताटाएवढा. दहाव्यात त्यात ट्रॅक्टर उभा आहे. अकराव्यात डावीकडे सोयाबीनचा पट्टा शिरला. तेराव्यात आधीच्या फोटोंतला कडुनिंब नाही.

वर्षावर्षाला हा बदल मला स्वतःला कळला नव्हता. मी तिथं रोज जात होतो, तरीही. एकदा ग्रामसभेत उरलेली जागाही मुरमासाठी द्यायची चर्चा निघाली तेव्हा मी हे फोटो सतरंजीवर ओळीनं मांडले. पाऊण तास कोणी मोठ्यानं बोललं नाही. म्हाताऱ्या बायका वाकून वाकून पाहत होत्या, इथं तिखाडी होती, इथं आपण सरपण वेचायचो, असं एकमेकींना सांगत होत्या. त्या दिवशी अर्धी जागा वाचली. अर्धी गेली. फोटो दहा वर्षं आधी मांडले असते तर सगळी वाचली असती, असं मला आजही वाटतं आणि त्याचं दुःख आहे.

म्हणून प्रत्येकाला विनंती करतो. ताडोबाचा एखादा तलाव, मेळघाटातलं नदीचं एखादं वळण, चिखलदऱ्याच्या पंचबोलची दरी, नाहीतर आपल्याच गावचा माळ, यांतली एक जागा आपली माना. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणाहून, त्याच दिशेला तोंड करून एक फोटो काढा आणि त्याखाली तारीख लिहा.

आता उद्याचं. पहाटे साडेपाचला शाळेच्या पटांगणातून गाड्या निघतील. दोन दिवसांपासून पहाटे धुवारी, म्हणजे दाट धुकं, पडते आहे. तिच्यात माळावरची बाभूळ आणि मागचा सूर्य असा काही दिसतो की तुम्हाला परत फिरावंसं वाटणार नाही. पण एक ध्यानात ठेवा. हीच धुवारी तुरीचा फुलोरा गाळते. तुम्ही आनंदानं कॅमेरा लावाल तेव्हा शेजारच्या धुऱ्यावर एक शेतकरी गळालेली फुलं ओंजळीत घेऊन उभा असेल. त्याला आधी रामराम करा, वावरात पाय ठेवण्याआधी विचारा, आणि तो हो म्हणाला तर त्या फुलांचाही एक फोटो काढा. त्या फोटोची एक प्रत शेतकऱ्याच्या घरी पोचेल अशी व्यवस्था स्वागत समितीनं केली आहे. जाताना दाराशी बसलेल्या आमच्या मुलांकडे त्याचा पत्ता लिहून द्या.

धनजमध्ये आपलं पुन्हा एकदा स्वागत. तो काळा दगड कुठं आहे ते कोणीही दाखवील. पुढच्या दिवाळीनंतर मी तिथं असेन, आपणही या.