गप्प पडलेल्या पेशंटकडं लक्ष असू द्या

मी मिरजगावातून बोलतेय, बचत गटांचं काम बघते. आज हप्ता, व्याज, कर्ज यातलं काही नाही. आज आयसीयूबद्दल बोलायचंय.

आपल्याकडं पेशंट जास्त झाला की नगरला न्यायचा. आत एकालाच सोडतात, तेही ठरल्या वेळी. बाकीचे बाहेर सतरंजीवर. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत गेलेला माणूस बाहेर येऊन सांगतो, "आई काहीबाही बोलायला लागली. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणते, सलाईन उपटते." कोणी म्हणतं वात झाला, कोणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला. एखादी जाणती बाई लिंबू उतरवायला सांगते.

डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे आणि बाहेरचंही नव्हे. आजारानं मेंदूचा कारभार तेवढ्यापुरता विस्कटतो. कारणं बरीच असतात: जंतुसंसर्ग, ऑक्सिजन किंवा सोडियम कमी होणं, गुंगीची औषधं, दुखणं, रात्रभर दिवे आणि मशीनच्या आवाजानं मोडलेली झोप. सकाळी बरं, संध्याकाळी बिघडलेलं, असं वरखाली होत राहतं. मूळ कारणावर इलाज झाला की बहुतेकांचं उतरतं. पण ओळखायला उशीर झाला तर दवाखान्यातला मुक्काम वाढतो, जिवालाही धोका असतो.

सलाईन उपटणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. याचा दुसरा प्रकार मात्र नजरेतून सुटतो. त्यात माणूस गप्प पडून राहतो. आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूबाई अशाच पडून होत्या. घरच्यांना वाटलं, बरं झालं, आराम पडतोय. रात्रपाळीच्या सिस्टरनं ताईला विचारलं, "आजी घरी पण इतक्या गप्प असतात का?" ताई म्हणाली, "छे हो, त्या झोपेतसुद्धा बोलतात!" सिस्टरनं लगेच डॉक्टरांना कळवलं. रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं.

डॉक्टर राउंडला येतात, बघतात, पुढं जातात. आठ-आठ तास पलंगाजवळ असते ती सिस्टर. तिच्यासाठी 2001 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक सोपी तपासणी तयार केली, व्हेंटिलेटरवर बोलता न येणाऱ्यांनाही चालणारी. सिस्टर पेशंटचा हात धरून एकेक करत दहा अक्षरं म्हणते, ठरलेलं अक्षर आलं की हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं धरतात. मग साधे प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? मान हलवून उत्तर दिलं तरी चालतं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण दोन-चार मिनिटांत खूप काही कळतं. प्रत्येक पाळीत एकदा तरी हे व्हावं. एका सिस्टरकडं चार-पाच गंभीर पेशंट दिले तर तिनं हे कधी करायचं, हा प्रश्न मात्र दवाखाना चालवणाऱ्यांना विचारायला हवा.

सिस्टरला एक गोष्ट माहीत नसते, ती आपल्याला असते: हे माणूस एरवी कसं आहे. म्हणून "आमची आई अशी नाही" हे तिला स्पष्ट सांगा. चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी ठेवू नका, सिस्टरला विचारून आत द्या. आत गेल्यावर आपलं नाव सांगा, वार सांगा, कुठल्या दवाखान्यात आहोत ते सांगा. पेशंट भलतंच बोलला तर वाद घालू नका, हात धरून बसा. आणि घाबरून डिस्चार्ज मागू नका.

आता जरा अवघड गोष्ट. रोज पिणारा माणूस ॲडमिट झाला की दारू एकदम तुटते. दोन-तीन दिवसांत हात कापतात, भास होतात, फिट येऊ शकते. त्यावर औषध आहे, पण डॉक्टरांना माहीत असेल तर. आपण लाजेपायी "नाही हो, कधीतरी सणावाराला" असं सांगतो. तसं करू नका. ॲडमिट करतानाच सांगा, रोज किती घेतात आणि शेवटची कधी घेतली. सासरे शेजारी उभे असतील तर सिस्टरला बाजूला बोलवून सांगा.