पाळीव जीव : घरातले की दारातले?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



घरातील मुक्या जीवांविषयी बोलावयाचे म्हटले की आज नांदणीचे स्मरण प्रथम होते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील या गावी, जिनसेन मठात, १९९२ पासून महादेवी हत्तीण वास्तव्यास होती. गाव तिला लाडाने 'माधुरी' म्हणत असे. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगर येथे हलविण्याचा आदेश दिला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. लेक सासरी निघावी तसा सारा गाव त्या निरोपाच्या वेळी रडला. ३ ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेले. पुढे त्याच महिन्यात, तिच्यासाठी नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला गेला.

त्या अश्रूंच्या खरेपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि न्यायालयापुढे तिच्या पायांच्या व सांध्यांच्या व्याधींचे अहवाल होते. मठानेही आपली बाजू मांडली होती. धार्मिक कार्यासाठी हत्तीचा उपयोग करण्याच्या माणसाच्या हक्कापेक्षा, चांगले जीवन जगण्याचा हत्तीचा हक्क न्यायालयाने वरचा मानला. निर्णय आपणांस रुचो वा न रुचो, त्यातील प्रश्न आपल्या धर्माला परका नाही. आपण ज्याला घरचा म्हणतो, तो जीव आपल्या घरी सुखी आहे काय?

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गृहस्थाच्या आश्रयाला असलेल्या जीवांना हे पाचही विशेषत्वाने लागू पडतात. रानातल्या पशूला आपण क्वचितच बांधतो. बांधतो तो आपल्याच दारातल्याला.

बंध म्हणजे इच्छित स्थळी जाण्यास अडविणे. दिवसभर फाटकाशी साखळीत असणारा कुत्रा आणि हातभर पिंजऱ्यातला पोपट यांचा विचार येथे करावयास हवा. वध या शब्दाने येथे काठी-चाबकाचा मार अभिप्रेत आहे. छेद म्हणजे अवयव कापणे. जातिवंत दिसावे म्हणून पिल्लांची शेपटी वा कान कापण्याची हौस याच सदरात मोडते. अतिभाराचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवरून उसाच्या मोळ्यांनी लादलेली बैलगाडी चढ चढताना पाहावी. अन्नपाननिरोध तर आपल्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, केवळ विसरभोळेपणानेही घडतो.

माझ्या बालपणी आमच्या वाड्याच्या दारी एक कुत्रा होता. आई पहिली भाकरी त्यालाच घालीत असे. आम्ही त्याला घरचाच समजत होतो आणि दिवसभर बांधूनही ठेवीत होतो. तो गेल्यावर गळ्यातला पट्टा मी सोडवून हातात घेतला. आतल्या बाजूस त्याचे केस चिकटलेले होते आणि मानेवर सबंध पट्टाभर कातडी उघडी पडली होती. इतकी वर्षे मी त्याला रोज कुरवाळले होते. ती मान मात्र एकदाही पाहिली नव्हती. आमचे प्रेम खोटे नव्हते. ते आमच्या सोयीपुरते होते.

जीवंधरकुमारांची कथा आपणांस परिचित आहे. मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याजवळ ते बसले, त्याच्या कानी णमोकार मंत्र घातला आणि तो जीव यक्षदेव झाला. राजकुमाराला त्या कुत्र्यापासून कोणताही लाभ नव्हता. समवसरणातही तिर्यंचांना त्यांचा स्वतंत्र कोठा आहे. तेथे ते कोणाचे वाहन वा राखणदार म्हणून येत नाहीत, श्रोते म्हणून येतात.

आपल्या पूर्वजांनी ही जाणीव संस्थारूपाने जपली. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा शहरात मोठा क्षोभ उसळला. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ स्थापन झाली. थकलेल्या, निरुपयोगी ठरलेल्या जनावरांचा सांभाळ हे तिचे कार्य आहे. म्हातारपणी ज्याला आपण सोडून देतो, त्याला कुटुंबीय म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

सामायिक-प्रतिक्रमणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. आज घरी गेल्यावर आपल्या दारातल्या जीवाची साखळी, त्याचे पाण्याचे भांडे आणि त्याची मान एकदा पाहावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी माझी नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र!