सुपारी आणि गालाची वाट



श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्या किनाऱ्याचा मान. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळानं इथल्या वाड्यांतल्या पोफळी आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणून या पिकावर घर चालवणाऱ्यांसमोर सुपारीविषयी बोलताना मला जड जातं. तरीही बोलायला हवं.

सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते गिळलं, तर पोटातून आधी यकृताकडे जातं आणि तिथं त्याचा बराच भाग मोडतो. विड्याला चुना लावला की गोष्ट बदलते. चुन्यानं लाळ अल्कधर्मी होते, आणि अशा लाळेत अरेकोलिन गालाच्या ओल्या अस्तरातून सहज पार होऊन थेट रक्तात उतरतं. यकृताची चौकी वाटेत लागतच नाही. म्हणून तर काही मिनिटांत तरतरी येते, घाम फुटतो. नवख्याला सुपारी लागते, छातीत कोंडतं, तेही याचंच काम. याच अरेकोलिनचा क्षार पूर्वी पशुवैद्य कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला देत, इतकं ते जोरकस आहे.

खरा घात मात्र गालातच होतो. तिथल्या पेशी अरेकोलिनमुळे जास्तीचे तंतू बनवू लागतात. सुपारीतलं तुरट टॅनिन ते तंतू असे पक्के करतं, की शरीराला ते मोडता येत नाहीत. आधी तिखट सोसेनासं होतं. गाल पांढरट, ताठ होतो. मग तोंड उघडेना. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो.

‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो,’ असं बरेचजण निर्धास्तपणे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तंबाखूशिवायची सुपारीही माणसाला कर्करोग करते, असं जाहीर केलं. गोड सुपारीची पुडी मुलांच्या हाती देणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावं. देवापुढच्या सुपारीबद्दल, पोफळीच्या विरीपासून केलेल्या पत्रावळींबद्दल माझं काही म्हणणं नाही; त्या वाडीला उत्पन्नच देतात.

सुपारी खाणाऱ्यांनी आज एक करावं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमधून आत जातात का, पाहावं. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवा आणि सुपारी आजच सोडा. लवकर सोडली तर ताठरपणा वाढायचा थांबू शकतो. आखडलेला गाल मात्र पूर्ववत होणं कठीण असतं.