बैलाचा चारा, बोकडाचा काटा
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापूस विकताना आपण क्विंटलचा भाव विचारतो. ज्वारी विकताना काटा बघतो. आणि बोकड विकताना? व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कमरेपाशी दाबून बघतो आणि आकडा सांगतो. आपण मान डोलावतो. आज बोलायचे आहे ते या मान डोलावण्याबद्दल.

आधी गोठ्याचा हिशेब मांडू. बाहेरच्या देशांत शेतकरी गवतावर बैल वाढवून मांसासाठी विकतो. आपल्याकडे ती वाट बंद आहे. १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. निकामी बैल मात्र दाखला घेऊन विकता येई. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळूही बंदीत आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की खाणाऱ्याची सोय झाली, पाळणाऱ्याची झाली नाही.

थकलेला बैल पोटापुरता दिवसाला आठ किलो कोरडा चारा धरा. वर्षाला जवळजवळ तीन टन. कोरडवाहू एकरात दीड टन कडबा निघाला असे मानले, तर दोन एकरांचा कडबा एका जनावराला गेला. बैलावर आपला राग नाही. पोळ्याला त्याच्यापुढे वाकतो तो आपणच. पण ज्यांनी कायदा केला त्यांनी वैरण कुठे दिली? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये देण्याचे ठरवले. आपल्या गोठ्यातला म्हातारा बैल त्यात बसत नाही. आपली मागणी सरळ आहे. विकण्याचे स्वातंत्र्य द्या, नाहीतर पोसण्याचा खर्च द्या.

मागणी लावून धरूच. पण तोवर हातावर हात ठेवून चालणार नाही. तीस किलोची शेळी दिवसाला साधारण सव्वा किलो कोरडे खाद्य खाते. म्हणजे एका बैलाच्या वैरणीएवढ्या खाद्यात सहा शेळ्या वर्ष काढतात. नुसता कडबा त्यांना चालत नाही, झाडपाला लागतो. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा. बांधावरचे गवत फुलोऱ्यात कापा, कुसळी तर कुसळ धरण्याआधीच. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे यांत जनावर सोडू नका, त्यातले विष बघता बघता जीव घेते. फवारलेल्या कपाशीपासूनही लांब ठेवा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. उस्मानाबादी शेळी आपल्याच मुलखातली, काटक आणि बरेचदा जुळी देणारी. ती सोडून लांबची महागडी जात आणायची घाई नको.

आता काटा. पाच घरांनी मिळून एक टांगता काटा घ्या. महिन्याला प्रत्येक करडाचे वजन वहीत लिहा. ज्याचे वजन वाढत नाही, ते वेळीच विका. व्यापाऱ्याला किलोचा भाव विचारा. बकरी ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो. शेळी पाच महिने गाभण राहते. म्हणजे ज्या ईदला विकायचे, तिच्या किमान सतरा महिने आधी शेळी फळलेली हवी. हे गणित व्यापाऱ्याला पाठ आहे, आपल्यालाही हवे.

आणि एक चूक आपण सगळेच करतो. शेळ्यांमागे उन्हातान्हात घरची बाई फिरते, तिची मजुरी खर्चात धरत नाही आणि मग नफा झाला म्हणतो. तो नफा नव्हे, ती तिची बुडालेली मजुरी आहे. कापसाचा उत्पादनखर्च मागताना आपण घरच्या घामाचा दाम मागतो. मग शेळीच्या हिशेबात घरच्या लक्ष्मीचा घाम फुकट का?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने वही आणावी. बोकडाचे वजन, मिळालेले पैसे आणि झालेला खर्च, मजुरीसकट. दहा गावांच्या वह्या एकत्र झाल्या, की बाजारात आपण आकडा ऐकणार नाही, आकडा सांगू.