पिलाआधी पिलाची आई

सोयरीक जुळवावयाची तर आपल्याकडे चार घरी चौकशी होते. गाय घ्यावयाची तर तिची धार काढून पाहिली जाते. कुत्र्याचे पिलू मात्र मुलांचा हट्ट व रविवारचा रिकामा वेळ एवढ्या भांडवलावर घरी येते. ते पुढे १०-१२ वर्षे घरात वावरणार असते, हे त्या घटकेस कोणाच्या ध्यानी येत नाही.

पिलू पाहून पिलाची परीक्षा होत नाही. त्या वयात सगळीच गोजिरवाणी दिसतात. लॅब्राडोर, अल्सेशियन इत्यादी जातींत खुब्याच्या सांध्याचा जो आनुवंशिक दोष आढळतो, तो पुष्कळदा पिलू मोठे होऊन लंगडू लागेपर्यंत कळतही नाही. यास्तव आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय, हे विचारून तिचा कागद पाहावा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. या दोहोंची गल्लत फार होते.

खरी साक्ष आईची. ती जेथे राहते तेथेच, पिलांसह, तिला पाहावे. पाजती कुत्री थोडी रोडावणारच, त्यात वावगे नाही. परंतु धन्याचा आवाज ऐकून ती शेपूट हालवीत येते, की कोपऱ्यात अंग चोरून बसते? पिले तिला लुचतात काय? हे अशासाठी पाहावयाचे, की भलतीच कुत्री आई म्हणून पुढे करणारे महाभागही या धंद्यात आहेत. बाप तेथे नसला तरी संशय नको. चांगला पैदासकार योग्य नरासाठी परगावीही जातो. आई मात्र ‘दुसरीकडे ठेवली आहे’ असे कोणी सांगेल, किंवा पिलू रस्त्यात आणून देऊ म्हणेल, तर आल्या पावली परतावे. अशा न दिसणाऱ्या आया बहुधा पिंजऱ्यात असतात, व वेतामागून वेत देत तेथेच झिजतात.

केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या नियमांप्रमाणे पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिला फळवू नये, जन्मात ५ हून अधिक वेते घेऊ नयेत, आणि ८ आठवड्यांच्या आतले पिलू विकू नये, असे बंधन आहे. शेवटची अट कोरडी नव्हे. चावा किती जोराचा घ्यावा, हा धडा पिलू याच दिवसांत आई व भावंडांपाशी गिरवते; पुढे पगारी शिक्षक ठेवूनही तो तितका पक्का होत नाही. शिवाय दाटीवाटीच्या पिंजऱ्यांतून आणलेल्या कोवळ्या पिलास पार्व्होने गाठले, तर रविवारी कौतुकाने आणलेले पिलू ओकाऱ्या व रक्ती हगवणीने शुक्रवारपर्यंत दगावते, आणि मुलांची समजूत घालणे आईबापांच्या वाट्यास येते.

कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. त्यापुढे ते ८ आठवडे. म्हणजे फळल्यापासून पिलू घरी येईतो ४ महिने जातात. सहा जातींची पिले बाराही महिने तयार ठेवणारा गृहस्थ दुकानदार होय. सचोटीचा पैदासकार थांबावयास सांगतो, आणि वर उलटतपासणी घेतो: दिवसा घरी कोण असते? घर भाड्याचे की स्वतःचे? घरधनिणीची संमती आहे काय? प्रतिष्ठित मंडळींस याचा राग येतो. पण सांभाळणे अशक्य झाल्यास कुत्रे त्यालाच परत करावे, अशी अट लेखी घालणाराही बहुधा हाच माणूस असतो.